रॅम्पच्या अलीकडे

माझं काम मोजण्याचं आहे. शाळा, दवाखाना, रेशन दुकान, बँक, बस स्टँड, जिथे गेल्याशिवाय माणसाचं चालत नाही अशा प्रत्येक ठिकाणी अपंग माणूस आपला आपण पोचतो का, आत शिरतो का, तिथलं स्वच्छतागृह त्याला वापरता येतं का, हे बघायचं आणि संस्थेच्या फॉर्मवर भरून द्यायचं. पिशवीत टेप, स्पिरिट लेव्हल, फॉर्म आणि पाण्याची बाटली. रॅम्पला एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. दार 90 सेंटिमीटर रुंद. कठड्याला दांडे दोन, एक 760 मिलिमीटरवर आणि दुसरा 900 वर, म्हणजे मुलाचाही हात पोचतो आणि मोठ्याचाही. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण त्यातला प्रत्येक आकडा माझ्या उजव्या पायाला ठाऊक आहे. त्या पायात लहानपणापासून कॅलिपर आहे. देशातला नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला. त्यामुळे माझ्यासारखे पाय आता आमच्या वयाच्या माणसांतच दिसतात, आणि शाळेतली मुलं कॅलिपरकडे टक लावून बघतात. मी त्यांना हात लावून बघू देते.

मी मूळची कोल्हापूरची. तंजावूरला राहते म्हटलं की गावाकडच्या माणसांचे डोळे चमकतात. सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजे, मोडी कागद, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. या सगळ्याचा मलाही अभिमान आहे. नातेवाईक आले की मी त्यांना हौसेने तो शिलालेख दाखवायला नेते. सरस्वती महालात सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत, त्यांच्याबद्दल तर मी न विचारताच सांगते. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने आंधळेपणाकडे पूर्वजन्मीचं पाप म्हणून न बघता उपचाराची गोष्ट म्हणून बघितलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण माझं काम राजवाड्यात नसतं. ते असतं ओरतनाडू, पापनाशम, तिरुवैयारू, पट्टुकोट्टै या बाजूंच्या गावांत, कावेरीच्या कालव्यांनी चिरलेल्या भाताच्या सपाट मुलुखात. चढउतार जवळजवळ नाहीच. अपंग माणसाला फिरायला याहून सोपी जमीन दुसरी नसेल, असं मला इथे आल्यावर वाटलं होतं.

ज्या गावाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव देत नाही. नाव दिलं तर तिथल्या एका कुटुंबाला त्रास होईल. शिवाय तशी गावं पुष्कळ आहेत. तिथल्या शाळेचा रॅम्प मी मोजला तेव्हा खरोखर आनंद झाला. उतार बरोबर, दोन्ही बाजूंना कठडे, वरती वळायला जागा, पावसात घसरू नये म्हणून खडबडीत केलेलं सिमेंट. मुलांच्या स्वच्छतागृहात पकडायला आडवा दांडाही होता. अशी शाळा क्वचित सापडते. मुख्याध्यापकांनी अभिमानाने सगळं दाखवलं आणि त्यांचा अभिमान योग्य होता.

रॅम्प ज्याच्यासाठी बांधला तो मुलगा मात्र शाळेत नव्हता. आठवीतला. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू वर्षागणिक दुबळे होत जाणारा आजार. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात याचं वेगळं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले तेव्हा या मुलांना कागदावर जागा मिळाली. त्याला शिबिरातून तीनचाकीही मिळाली होती. पण पाऊस सुरू झाला की तो येत नाही, असं शिक्षक म्हणाले. इकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा सांबा भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात.

मी त्याच्या घरी गेले. गावापासून निघालेला बांध भाताच्या खाचरांमधून चेरीकडे जातो. चेरी म्हणजे दलितांची वस्ती, गावाबाहेरची. गाव, म्हणजे ऊर, वेगळा आणि चेरी वेगळी, आणि मध्ये शेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. बांध दीड हात रुंद. माझी काठी दोनदा चिखलात रुतली. तीनचाकी त्याच्यावरून जाणं शक्यच नव्हतं, ती झावळ्यांच्या पडवीत उभी होती आणि तिच्या सीटवर वह्या ठेवल्या होत्या. वडील मुलाला खांद्यावर घेऊन शाळेत नेत असत. मुलगा वाढला, जड झाला, वडिलांची कंबर धरली. कोरड्या दिवसांत जमतं, चिखलात दोघंही पडतात.

इतकं ऐकून मी बांध रुंद करण्याचा अर्ज डोक्यात लिहायला लागले होते. तेवढ्यात त्याची आत्या म्हणाली, ‘‘अक्का, चांगला रस्ता आहे की. तुम्ही शाळेपर्यंत मोटारीने आलात तोच.’’

आणि खरंच होतं. चेरीच्या दुसऱ्या अंगाने सिमेंटचा रस्ता निघतो, उरातल्या मोठ्या गल्लीत शिरतो, देवळासमोरून जातो आणि थेट शाळेच्या फाटकाशी पोचतो. सपाट, रुंद, तीनचाकीला हवा तसा. मी वडिलांना विचारलं, त्या रस्त्याने का नेत नाही? ते हसल्यासारखं करून म्हणाले, ‘‘वेण्डाम अम्मा.’’ नको बाई. कोणी अडवलंय का? कोणी नाही. कोणी काही बोललं? कोणी नाही. त्यांच्या वडिलांनी त्या गल्लीतून सायकल हातात धरून नेली होती, वर बसून नव्हे. त्यांनी स्वतः कधी प्रयत्न केला नाही. मुलाला तीनचाकीत बसवून, म्हणजे गाडीवर बसलेलं, देवळासमोरून न्यायला त्यांचं मन धजत नव्हतं.

माझ्या फॉर्ममध्ये फाटकापासून पुढचं सगळं आहे. फाटकाच्या अलीकडे फॉर्म सुरूच होत नाही. त्या शाळेला आमच्या निकषांप्रमाणे उत्तम गुण मिळत होते.

मुलाची ही आत्या पुढे माझी कामातली सर्वांत जवळची सोबतीण झाली. तिलाही पोलिओ. दोन्ही हात जमिनीवर टेकून चालायची, नंतर कुबड्या आल्या. बी.ए. झाली. रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहिते. तंजावूरला आमच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा ती बसने यायची. बसची पहिली पायरी तिच्या छातीला लागते, त्यामुळे ती बसत बसत वर चढते आणि कंडक्टरला स्पष्ट सांगते, थांबा, मी चढतेय. एका बैठकीत प्रत्येकाने आपल्या अडचणी सांगाव्यात असं ठरलं. रॅम्प, पेन्शन, प्रमाणपत्र, लग्न, असं सगळं येत होतं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘अपंगांच्या बैठकीत मी चेरीची असते. चेरीच्या बैठकीत मी लंगडी असते. मी दोन्ही एकाच वेळी असते, हे कुठे सांगू?’’

सगळे गप्प बसले. आमच्या त्या गटात नऊ-दहा जातींची माणसं होती आणि तोवर जातीचा विषय कोणी काढला नव्हता. आपण सगळे अपंग, आपली जात एकच, असं आम्ही एकमेकांना आनंदाने सांगत होतो. ते खोटं नव्हतं. पण ते सांगणारे बहुतेक उरातले होते. जो खाली बसलेला नसतो त्यालाच सगळे एका पातळीवर दिसतात.

2011 च्या जनगणनेत अपंगांचं प्रमाण एकूण लोकसंख्येत 2.21 टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के. हा फरक आकाशातून पडत नाही. उशिरा मिळालेली लस, बाळंतपणाला न पोचलेली गाडी, शेतावरचं आणि गटारातलं धोक्याचं काम, उपासमार, यांतून अपंगत्व येतं. आणि एकदा आलं की त्याच कारणांनी ते अधिक जड होतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये पाटण जमाल वली खटल्याच्या निकालात हेच मांडलं. ज्या मुलीवर अत्याचार झाला होता ती अंध होती आणि दलित होती. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या त्या निकालाचा गाभा असा की, स्त्री असणं, दलित असणं आणि अंध असणं या तीन गोष्टी सुट्या काढून मोजता येत नाहीत, त्या एकमेकींत मिसळून अन्याय घडवतात. तो भाग मी तमिळमध्ये करून बैठकीत सांगितला. आत्या म्हणाली, कोर्टाला कळलं ते बरं झालं, आता तहसील कचेरीला कळू दे.

या मुलुखात चालता न येण्याची किंमत काय असते, हे मला एका जुन्या गोष्टीतून फार खोलवर कळलं. कीळवेणमणी तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यात होतं, आज नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. शेतमजुरांनी मजुरीत थोडं जास्त भात मागितलं होतं. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी चेरीवर हल्ला केला. जे धावू शकत होते ते शेतांत पळाले. जे धावू शकत नव्हते ते एका झोपडीत लपले. झोपडीला बाहेरून आग लावली गेली आणि 44 माणसं जळून मेली. बायका, मुलं, म्हातारी माणसं. पुढे उच्च न्यायालयातून जमीनदार निर्दोष सुटले. वेणमणीबद्दल मी कोल्हापुरात वाचलं होतं ते जमीन आणि मजुरीचा लढा म्हणून, आणि तो तसाच होता. इथे आल्यावर मला त्यात ती झोपडीही दिसायला लागली. जातीच्या हिंसेत आधी कोण मरतं? ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याच्या कडेवर मूल आहे, ज्याला दिसत नाही. अपंगांच्या चळवळीला जातीचा प्रश्न आपला नाही असं म्हणता येत नाही, याला माझ्याकडे याहून मोठं कारण नाही.

आमच्या बैठका पुढे मानोजीअप्पा गल्लीजवळच्या एका जुन्या घरात होऊ लागल्या. घर तंजावरी मराठी कुटुंबाचं. घरमालकांना आम्ही सगळेच मामा म्हणतो. पक्षाघातानंतर त्यांची डावी बाजू गेली. घरात चढायला तिण्णैच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, तीन पायऱ्या आहेत आणि त्या तीन पायऱ्यांनी त्यांना दीड वर्ष घरात कोंडलं. मी त्यांच्याकडे प्रथम गेले ती रॅम्पचं माप घ्यायला. माझं नाव ऐकून ते मराठीत बोलायला लागले. त्यांची मराठी ऐकताना मला आजीच्या घरात गेल्यासारखं वाटलं. रॅम्प झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, ‘‘इथेच बसत जा तुम्ही लोक. जागा आहे, पंखा आहे.’’

आत्या पहिल्यांदा आली तेव्हा तिण्णैवरच बसली. मामांनी तिला आत बोलावलं, खुर्ची द्यायला लावली आणि मला मराठीत म्हणाले, ‘‘माझ्या आईच्या वेळेस ही पोर मागच्या दारानेसुद्धा आत आली नसती. मी ते बघितलं आहे. तिला सांगू नकोस.’’ मी नंतर तिला सांगितलं. तिला ते ऐकायचा हक्क होता. ती म्हणाली, ‘‘मला माहीत नव्हतं असं वाटलं का त्यांना?’’

त्याच घरात एकदा छत्रांचा विषय निघाला. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांनी बांधलेल्या धर्मशाळा. ओरतनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी बांधलं. 1801 मध्ये कंपनी सरकारकडून छत्रं काढून घेतली जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं. त्यात छत्रांचा सगळा कारभार सांगितला आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत जो वाटसरू येईल त्याला अन्न, तान्ह्यांना दूध, आजाऱ्याला औषध आणि वैद्य, बाळंतिणीची काळजी, अनाथ मुलांचं पालनपोषण. मामांना हे सगळं जवळजवळ पाठ आहे. ते भरल्या आवाजाने सांगत होते, की बघा, आमच्या राजांनी कोणालाच उपाशी पाठवलं नाही.

आत्याने विचारलं, ‘‘मामा, सगळ्यांना एकाच ठिकाणी बसवलं का?’’

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘नाही. पंगती वेगळ्या. त्या काळी तसंच होतं.’’

‘‘आणि काय शिजवायचं, किती शिजवायचं, हे ठरवताना आमच्यातल्या कोणाला विचारलं का?’’

‘‘ते तर नाहीच.’’

वाद झाला नाही. मला राजांचं औदार्य कमी लेखायचं नाही, आत्यालाही नव्हतं. भुकेल्याला अन्न मिळालं ही लहान गोष्ट नसते, आणि आपल्या सत्तेचे पंख कापले गेले असताना राजाने लढवलेली ती बाजू फार मोलाची आहे. पण त्या दुपारी मला माझ्या कामाचा सगळा घोळ स्पष्ट दिसला. अपंगांसाठी आपण आजही छत्रंच चालवतो आहोत. तीनचाकी देतो, शिबिरं घेतो, साडी देतो, जेवण घालतो. कोणती वाट, कोणती शाळा, कोणाच्या दारापासून रस्ता, हे ठरवायला मात्र दुसरेच बसतात, आणि ते बसतात तिथेही पंगती असतात.

मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोची हकीकत सांगितली, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. अमेरिकेत 1973 च्या पुनर्वसन कायद्यात कलम 504 होतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही ठिकाणी अपंगांना डावलता येणार नाही, असं ते सांगत होतं. नियमांवर सही मात्र होत नव्हती. एप्रिल 1977 मध्ये शंभरावर अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी इमारतीत शिरली आणि तिथेच राहिली. जुडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी. आत औषधं नाहीत, गाद्या नाहीत, खायला नाही. तेव्हा गरम जेवण घेऊन कोण आलं? ओकलंडचे ब्लॅक पँथर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे. त्यांचा एक कार्यकर्ता, ब्रॅड लोमॅक्स, स्वतः चाकाच्या खुर्चीवर होता आणि आत बसलेल्यांत होता. महिना संपायच्या आत सही झाली. त्याच ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. मुंबईचं ते नाव 1982 मध्ये मदुराईला पोचलं आणि पुढे थोल. तिरुमावळवन यांच्या हाती ते तमिळनाडूतला मोठा पक्ष झालं. चिरुत्तै, म्हणजे बिबट्या, इथल्या चेरीतल्या भिंतींवर रंगवलेला असतो. आत्याच्या घराच्या भिंतीवरही आहे. मराठी घरातलं एक नाव तिच्या भिंतीवर आहे, हे तिला माहीत नव्हतं. ओकलंडच्या पँथरांनी अपंगांना जेवू घातलं होतं, हे आम्हा मराठी लोकांपैकी तरी किती जणांना माहीत आहे?

बैठकीत एक अंध अण्णा असतात, तंजावूर–कुंभकोणम गाडीत उदबत्त्या विकणारे. त्यांनी विचारलं, ‘‘ते जेवण आणणारे सगळे अपंग होते का?’’ नव्हते. ‘‘मग त्यांना काय पडलं होतं?’’ आत्या म्हणाली, ‘‘त्यांना माहीत होतं की पोलीस दोघांनाही एकाच काठीने मारतात.’’ मग म्हणाली, ‘‘आणि त्यांनी जेवण आत नेऊन दिलं. बाहेर बोलावून पंगतीत बसवलं नाही. आत बसलेले आतच राहिले, बोलायचं ते त्यांनीच बोललं.’’

हे सगळं मनात घोळत असताना 3 डिसेंबर आला. जागतिक अपंग दिन. आम्हाला एका मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण होतं. मंडप, हारतुरे, प्रमुख पाहुणे. मंचाला पाच पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता. सत्कारमूर्तींना एकेक करून उचलून वर नेण्यात आलं. एका पाहुण्यांनी भाषणात तंजावूरच्या प्रसिद्ध बाहुलीचं उदाहरण दिलं. खालून गोल, कशीही पाडली तरी उठून उभी राहणारी. अपंग बांधवांनी तिच्यासारखं व्हावं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. आत्याला नंतर माइक मिळाला, दोन मिनिटांसाठी. ती म्हणाली, ‘‘बाहुली उठते कारण तिच्या पोटात मातीचा गोळा भरलेला असतो. ती पुन्हा पुन्हा पाडली जाते म्हणूनच तिची गंमत आहे. मी बाहुली नाही. मी कठड्याला धरून उठते. मला कठडा द्या आणि पाडणं थांबवा.’’ तिला खाली, मंचासमोर उभं राहूनच बोलावं लागलं, पण तिने मान खाली घातली नाही.

मी कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांचं अपंगांसाठीचं काम बघत मोठी झाले. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र वाचलं तेव्हा कॅलिपर साडीखाली लपवणं मी सोडलं. अपंग असण्याचा अभिमान म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी आजवर त्या पुस्तकाचं नाव सांगायचे. आता त्या माइकसमोरच्या दोन मिनिटांबद्दलही सांगते. आपलं शरीर आहे तसं घेऊन, आपली वस्ती न लपवता, आपल्या तोंडाने मागणं. दया घेताना माणसाला आपला पत्ता सांगावा लागत नाही. हक्क मागताना सांगावा लागतो, आणि तिने चेरीचं नाव घेऊन सांगितला.

त्यानंतरच्या बैठकीत तिने विषय मांडला. भाच्याला उराच्या रस्त्याने शाळेत न्यायचं. एकट्याने नाही, आपण सगळ्यांनी. लगेच सगळे तयार झाले असं नाही. एकाने शंका काढली, त्यातून भांडण पेटलं तर चेरीचं नुकसान होईल, आपण तर संध्याकाळी बसने घरी जाऊ. प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचा अधिकार आमचा नव्हता. आत्या चेरीत बोलली, तिथल्या बायकांशी, वडिलांशी, आणि मुलाशी. मुलगा म्हणाला की त्याला जायचं आहे. त्यालाच आजवर कोणी विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकांना आधी कळवलं. ते फाटकाशी उभे राहतो म्हणाले आणि राहिले.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे मुलगा तीनचाकीत, गणवेशात, पायाशी दप्तर. वडील ढकलत होते. डाव्या बाजूला आत्या कुबड्यांवर. उदबत्तीवाले अण्णा एका हाताने तीनचाकीची कड धरून. तंजावूरच्या करंतै भागातली एक कर्णबधिर शिवणकाम करणारी मुलगी, जी सतत मागे वळून सगळे आहेत ना हे बघत होती. मी मागे, काठीसह. मामा रिक्षात, रिक्षा आमच्या चालीने. घोषणा नाही, फलक नाही. आमची चाल इतकी सावकाश होती की गल्लीतल्या प्रत्येक दाराला आम्हाला पुरेपूर बघायला वेळ मिळाला. चहाच्या दुकानातली बोलणी थांबली. देवळासमोर एक माणूस उठून उभा राहिला, आणि वडिलांचे हात तीनचाकीच्या दांड्यावर घट्ट झालेले मला दिसले. तो माणूस काही बोलला नाही. मामांनी रिक्षातून त्याला नमस्कार केला, त्यानेही केला. एक म्हातारी आजी पायरीवर बसली होती, तिचेही गुडघे गेलेले. तिने मुलाला विचारलं, कितवीत आहेस? तो म्हणाला, आठवीत. एवढंच.

शाळेच्या रॅम्पवर तीनचाकी चढताना मला मोजायला काही उरलं नव्हतं.

अपंगांच्या बाबतीत तमिळनाडूने एक पाऊल टाकलं आहे ते इथे सांगायला हवं. एप्रिल 2025 मध्ये विधानसभेत ग्रामपंचायती आणि नगरपालिकांवर अपंग सदस्य नेमण्यासाठी कायदादुरुस्ती मांडली गेली. ठरवायच्या जागी बसवण्याचं हे पाऊल आहे आणि मला ते मनापासून आवडलं. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, बंधनकारक हवेत, असं बजावलं, तेही आवडलं. पण नेमणूक कोणाची होते, उरातल्या अपंगाची की चेरीतल्या, हे पाहिलं पाहिजे. आत्याने अर्ज करायचं ठरवलं आहे.

मुलगा आता नववीत आहे. बहुतेक दिवस तो सिमेंटच्या रस्त्याने जातो. एकदोघांनी टोमणे मारले. वडिलांनी ऐकून घेतले आणि जात राहिले. देवळाचा उत्सव असतो तेव्हा मात्र ते अजूनही त्याला खांद्यावर घेऊन बांधावरून नेतात. त्या दिवसांबद्दल काय करायचं, हे चेरी ठरवेल आणि आम्ही बरोबर असू.

माझ्या फॉर्ममध्ये मी एक पान जोडलं आहे. त्याची सुरुवात घराच्या उंबऱ्यापासून होते. वाट कोणाच्या गल्लीतून जाते, कोणी वाट बदलून जातं का, का बदलतं, सणाच्या दिवशी काय होतं, असे प्रश्न त्यात आहेत. ते पान त्या घरातल्या अपंग माणसानेच भरायचं. संस्थेने ते आता सगळ्या गावांसाठी घेतलं आहे.

महाराष्ट्रातही माझ्यासारखं काम करणारे पुष्कळ जण आहेत. ग्रामपंचायतींत अपंगांसाठीचा राखीव निधी खर्च करणारे सरपंच आहेत, शाळेत रॅम्प बांधून घेणारे शिक्षक आहेत. त्यांना माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी टेप शाळेच्या दाराशी उघडू नका. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जा, तिथल्या मुलाच्या उंबऱ्याशी उघडा, आणि टेपचं एक टोक त्याच्या हातात द्या.